येणार होता : फ्रेंचमधल्या ‘जर-तर’ची जन्मकथा

फ्रान्समध्ये राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच ‘ज व्हुद्रे’ म्हणायला शिकतो. बेकरीत पाव मागताना, पोस्टात तिकीट घेताना, डॉक्टरची वेळ ठरवताना, सगळीकडे ‘ज व्हुद्रे’. शब्दशः अर्थ ‘मला हवं असतं’, पण वापर आपल्या ‘मला जरा अमुक हवं होतं’सारखा. नुसतं ‘ज व्ह’, म्हणजे ‘मला हवंय’, म्हटलं तर पाव मिळतो, पण दुकानदाराच्या भुवया थोड्या वर जातात. भाषेची ओळख होते न होते तोच नवागताच्या तोंडी फ्रेंच व्याकरणातलं एक वादग्रस्त रूप बसतं. फ्रेंच लोक त्याला ‘काँदिस्योनेल’ म्हणतात. आपल्या मराठी व्याकरणातला त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे संकेतार्थ : ‘पाऊस आला असता तर पीक वाढलं असतं’ या वाक्यातली क्रियापदं.

या रूपाबद्दल लिहायला एक ताजं कारण आहे. फ्रान्सने २६ जानेवारी २०२४ च्या कायद्याने परदेशी नागरिकांसाठी भाषेच्या अटी वाढवल्या. १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वासाठी बी२ पातळीचं फ्रेंच लागतं (आधी बी१ पुरत होतं), आणि दहा वर्षांच्या रहिवासी कार्डासाठी बी१. या पातळ्यांवर नुसता वर्तमानकाळ आणि भूतकाळ येऊन भागत नाही. ‘असं असतं तर मी तसं केलं असतं’ हे नीट सांगता आलं पाहिजे. म्हणजे हॉटेलात, बांधकामावर, प्रयोगशाळेत किंवा आयटीत राबून संध्याकाळी वर्गाला जाणाऱ्या माणसाच्या वाटेत हे रूप उभं असतं. परीक्षेची तयारी करणारे मराठी मित्र-मैत्रिणी मला हमखास विचारतात, “हा नियम असाच का?” माझं काम रोमान्स भाषांच्या इतिहासाशी निगडित आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. त्याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, इतिहासात आहे.

आधी नियम. वर्गात तो एका ओळीत सांगतात : भविष्यकाळाचं अंग घ्या आणि त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावा. ‘शाँते’ म्हणजे गाणे. त्याचं भविष्यकाळी अंग ‘शाँतर-’. त्याला भूतकाळी प्रत्यय लागला की ‘ज शाँतरे’, मी गायलो असतो किंवा मी गाईन (जर...). जी क्रियापदं भविष्यकाळात वाकडी चालतात, ती इथेही तशीच वाकडी चालतात. ‘असणे’चं ‘सर-’, ‘जाणे’चं ‘इर-’, ‘करणे’चं ‘फर-’, ‘येणे’चं ‘व्ह्यांद्र-’. एकही अपवाद नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही चैनच आहे. पण भविष्याचं धड आणि भूतकाळाचं शेपूट एकत्र का आलं? जे घडलंच नाही ते सांगायला या दोन टोकांच्या काळांची मोट कोणी बांधली?

त्यासाठी लॅटिनकडे जावं लागतं. अभिजात लॅटिनमध्ये ‘तो गाईल’ला ‘कांताबित’ म्हणत आणि ‘तो गायला’ला ‘कांतावित’. साम्राज्याच्या उत्तरार्धात बोलीभाषेत दोन स्वरांमधला ‘ब’ सैल होऊन ‘व’कडे झुकला आणि ही दोन्ही रूपं कानाला सारखीच लागू लागली. ‘गाईल’ आणि ‘गायला’ यांत फरकच उरला नाही, तर व्यवहार कसा चालणार? भविष्यकाळाच्या इतर काही रूपांचीही अशीच अडचण झाली होती. अशा वेळी लोक व्याकरणाची पुस्तकं उघडत नाहीत, हाताशी असलेल्या शब्दांनी काम भागवतात. लॅटिन बोलणाऱ्यांनी मूळ क्रियापदापुढे ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ हे क्रियापद ठेवलं : ‘कांतारे हाबेओ’, मला गायचं आहे, मी गाणार आहे. बोलून बोलून ‘हाबेओ’ झिजलं, पुढच्या शब्दाला चिकटलं आणि शेवटी प्रत्यय झालं. आजच्या फ्रेंच भविष्यकाळातलं ‘-ए’ हे त्या ‘हाबेओ’चं उरलेलं अवशेष आहे.

आता या जोडीतलं सहायक क्रियापद भूतकाळात टाका : ‘कांतारे हाबेबाम’, मला गायचं होतं, मी गाणार होतो. हीच आपल्या संकेतार्थाची आई. भविष्यकाळाचं अंग आणि भूतकाळाचे प्रत्यय असा तो शाळेतला नियम मुळात नियम नव्हताच. एका साध्या वाक्प्रयोगाचा तो सांगाडा आहे.

मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपल्याकडे हीच जोडी आजही सुटी, न झिजलेली मिळते. ‘येणार आहे’ आणि ‘येणार होता’. ‘तो येणार आहे’ म्हणजे निव्वळ भविष्य. ‘तो येणार होता’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच ‘पण...’ उमटतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य एवढंच सांगतं की भूतकाळात कधीतरी त्याचं येणं ठरलेलं होतं. तो आला की नाही, हे वाक्यात कुठेच नाही. तरीही आपण समजतो की आला नसावा. भूतकाळातून पाहिलेलं भविष्य हळूहळू न घडलेल्या गोष्टींकडे सरकतं ते असं. फ्रेंचमध्ये हे सरकणं पूर्ण झालं आणि त्याला स्वतःचं रूप मिळालं. मराठीत ‘णार होता’ अजून वाटेवर आहे, आणि न घडलेल्याचं मुख्य काम ‘असता’ करतो. दोन्ही भाषांचा इथे काही वंशसंबंध आहे असं नाही. माणसाचं मन सारखं चालतं, इतकंच.

या वाक्प्रयोगाचा सुरुवातीचा लिखित वावर युरोपात नव्हे, उत्तर आफ्रिकेत सापडतो, हे बहुतेकांना आश्चर्याचं वाटेल. इ. स. २०० च्या आसपास कार्थेजमध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तो वारंवार वापरतो. विसाव्या शतकातले भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी दाखवून दिलं की सुरुवातीला ही जोडी ख्रिस्ती लेखकांच्या हातात भाकितासाठी होती : अमुक जन्माला येणार होता, तमुक घडणार होतं, शास्त्रात तसं लिहिलेलं होतं. म्हणजे आज ज्या रूपात आपण अनिश्चितता सांगतो, त्याची सुरुवात अटळ गोष्टी सांगण्यातून झाली. ‘होणारच होतं’पासून ‘झालं असतं, पण...’पर्यंत. अर्थाने इतकी उलटी कलाटणी घेतल्याची उदाहरणं भाषांच्या इतिहासात फार सापडत नाहीत.

भविष्यकाळाच्या चिकटलेल्या रूपाचा पहिला मासला म्हणून सातव्या शतकातल्या एका लॅटिन बखरीकडे बोट दाखवतात. फ्रेदेगार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बखरीत सम्राट जस्टिनियन आणि पराभूत इराणी राजा यांचा एक किस्सा आहे. सम्राट प्रांत परत मागतो, राजा शुद्ध लॅटिनमध्ये ‘देणार नाही’ म्हणतो, त्यावर सम्राट म्हणतो ‘दारास’, देशील! आणि म्हणे तिथे वसलेल्या शहराचं नाव दारा पडलं. स्थळनामाची ही व्युत्पत्ती आपल्या गावोगावच्या दंतकथांइतकीच खरी. पण ‘दारे हाबेस’ची ‘दारास’ ही झीज मात्र खरी आहे.

पुढे १४ फेब्रुवारी ८४२ रोजी शार्लमेनचे दोन नातू स्ट्रासबुर्गला एकमेकांशी इमान राखण्याच्या शपथा घेतात. फ्रेंचचा सर्वात जुना उपलब्ध मजकूर म्हणून या शपथा ओळखल्या जातात. त्यात नवा भविष्यकाळ आहे, संकेतार्थ नाही, आणि ते साहजिक आहे. शपथेत ‘करीन’ म्हणायचं असतं, ‘केलं असतं’ नव्हे. संकेतार्थ भेटतो चाळीसेक वर्षांनी, इ. स. ८८० च्या सुमाराच्या संत युलालीवरच्या एका छोट्या काव्यात, ‘सोस्तेंद्रेइएत’ या एका शब्दात. धर्म सोडण्यापेक्षा ही मुलगी छळ सोसेल, असा त्याचा संदर्भ आहे. त्या काव्याचं हस्तलिखित आज उत्तर फ्रान्समधल्या व्हॅलाँसिएनच्या ग्रंथालयात आहे. उपलब्ध पुराव्यात फ्रेंच संकेतार्थ पहिल्यांदा दिसतो तो असा, एका मुलीच्या निर्धारासाठी.

त्या शब्दातला ‘द’ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ‘येणे’ ‘व्हनीर’, पण ‘येईल’ ‘व्ह्यांद्रा’. मधला ‘द’ आला कुठून? स्वर गळून ‘न’ आणि ‘र’ शेजारी आले की जीभ एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये ‘द’ आपोआप वाजतो. खात्री करायची तर आपल्या घरातच उदाहरण आहे : वानर आणि वांदर. कोकणात अंगणातल्या नारळावरच्या वांदराला शिव्या घालणाऱ्या आजोबांच्या तोंडी जे ध्वनिशास्त्र होतं, तेच नवव्या शतकातल्या फ्रान्सच्या तोंडी होतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी एक पुरावा. ज्यांच्या घरात पोर्तुगीज शिकलेले वडीलधारे आहेत, त्यांना ‘दार-ते-इआ’, मी तुला दिलं असतं, अशी रूपं आठवत असतील. लेखी पोर्तुगीजमध्ये क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध ‘तुला’ हे सर्वनाम घुसतं. तो प्रत्यय एके काळी वेगळा शब्द होता, याची खूण त्या सांध्यात आजही दिसते. फ्रेंचने हा सांधा केव्हाच बुजवून टाकला.

आता परीक्षार्थींचा सर्वात नावडता भाग. फ्रेंचमध्ये ‘जर’, म्हणजे ‘सी’, याच्या मागोमाग संकेतार्थ चालत नाही. ‘जर माझ्याकडे वेळ होता, तर मी आलो असतो’ अशी रचना करावी लागते : जर-वाक्यात अपूर्ण भूतकाळ, तर-वाक्यात संकेतार्थ. फ्रेंच शाळांतून मुलांना एक यमकवजा नियम पाठ करायला लावतात, त्याचा मथितार्थ असा की ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, कारण मराठी दोन्ही बाजूंना सारखं मापते : ‘आला असता तर झालं असतं’. डाव्या पारड्यात ‘असता’, उजव्या पारड्यात ‘असतं’. इंग्रजी शिकलेल्यालाही ही ओढ लागते आणि खुद्द फ्रेंच मुलांनाही लागते. १९६२ साली आलेल्या इव्ह रोबेर यांच्या ‘ला गेर दे बुताँ’ या चित्रपटात प्ती जिब्यूस नावाचा चिमुकला पोरगा ‘ठाऊक असतं तर आलोच नसतो’ अशा अर्थाचं जे वाक्य म्हणतो, त्यात ‘सी’नंतर बेधडक संकेतार्थ आहे. साठ वर्षं झाली, अख्खा फ्रान्स त्या चुकीवर प्रेमाने हसतो. तीच चूक स्थलांतरिताने मुलाखतीत केली, तर प्रेमाने हसत नाहीत, गुण कापतात.

पण ही चूक इतिहासाच्या तराजूत घालून पाहा. लॅटिनमध्ये अशा वाक्यात दोन्ही बाजूंना एकच रूप यायचं. मध्ययुगीन फ्रेंचमध्येही दोन्हीकडे सारखंच, संशयार्थाचं भूतकाळी रूप चालायचं. म्हणजे पारडी समान होती, आपल्या मराठीसारखी. बाराव्या शतकापासून ‘जर + अपूर्ण भूतकाळ, तर + संकेतार्थ’ ही विषम रचना हळूहळू वर आली आणि काही शतकांत तिने जुन्या सम रचनेला जवळजवळ हद्दपार केलं. जवळजवळ, कारण जुनं रूप ‘भूत संकेतार्थ, दुसरा प्रकार’ या दिमाखदार नावाखाली शालेय व्याकरणांत दीर्घकाळ टिकून राहिलं, आणि साहित्यिक फ्रेंचमध्ये अजूनही अधूनमधून दर्शन देतं. आज जो नियम शुद्धतेचा मापदंड आहे, तो एके काळचा नवा पायंडा आहे. आणि आज जी अशुद्धता आहे, तिच्यात समतोलाची तीच जुनी ओढ आहे. याचा अर्थ परीक्षेत ‘सी’नंतर संकेतार्थ लिहावा असा नाही. लिहू नये, गुण जातील. पण तो चुकला म्हणून आपल्याला तर्क करता येत नाही असं मात्र कुणी मानू नये. तर्क ठीकच असतो. ती रूढी आहे आणि ती शिकून घ्यायची असते.

शुद्धतेच्या नावाखाली परक्यांकडे बोट दाखवण्याची सवयही जुनी आहे. संकेतार्थाचा जो प्रत्यय आज ‘ए’ असा ऐकू येतो, तो सोळाव्या शतकात अनेकांच्या तोंडी ‘वे’ असा होता आणि लिहिताना त्यात ‘ओ’ आणि ‘इ’ ही अक्षरं यायची. पॅरिसमध्ये ‘ए’ हा उच्चार फैलावू लागला तेव्हा आंरी एतिएन या विद्वान मुद्रकाने १५७८ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहून दरबाऱ्यांच्या इटालियन वळणाच्या फ्रेंचची टर उडवली. राजमाता कातरीन द मेदिची इटलीची, तिच्याबरोबर आलेली माणसं इटलीची, आणि त्यांच्या नादाने आपली भाषा बिघडते आहे, असा एकूण सूर. ‘फ्रांस्वे’ला ‘फ्रांसे’ म्हणणं हेही त्या बिघाडात मोडत होतं. आज त्या भाषेचं नाव त्याच ‘बिघडलेल्या’ उच्चाराने घेतलं जातं. जुना ‘वे’ पुढे ‘वा’ झाला आणि फ्रांस्वा या माणसाच्या नावात उरला. लेखनात बदल व्हायला मात्र वेळ लागला. अठराव्या शतकात व्होल्तेरने नव्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा आग्रह धरला, आणि फ्रेंच अकादमीने तो मान्य केला १८३५ च्या आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत. तोवर व्होल्तेरला जाऊन ५७ वर्षं झाली होती.

व्याकरणकारांचाही या रूपाबाबत एकमताने निर्णय झालेला नाही. हा काळ की अर्थ? १७६७ मध्ये निकोला बोझे यांनी त्याला स्वतंत्र ‘अर्थ’ मानून ‘गृहीतकाचा’ असं नाव दिलं. विसाव्या शतकात अनेकांनी म्हटलं की हा तर भविष्यकाळाचाच भाऊ, त्याला साध्या निवेदनाच्या काळांतच बसवा. मराठीत दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत काळ आणि अर्थ यांचा जो काथ्याकूट झाला, तो वाचलेल्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. जन्मकथा कळली की वादाचं मूळही कळतं. हे रूप जन्माने काळ आहे आणि नंतर कर्तृत्वाने अर्थ झालं.

म्हणूनच आजही ते दोन्ही कामं करतं. ‘तो म्हणाला की येईन’ हे मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवून सांगतो. फ्रेंचमध्ये ‘येईन’ संकेतार्थात टाकावं लागतं. इथे कसलीही अट नाही, हा निव्वळ भूतकाळातला भविष्यकाळ आहे. मुलं भातुकली खेळताना याच रूपात भूमिका वाटून घेतात : मी डॉक्टर, तू पेशंट. जॉर्ज पेरेकने १९६५ च्या ‘ले शोज’ या कादंबरीचं पहिलं प्रकरण याच रूपात लिहिलं. एका तरुण जोडप्याला हवं असलेलं घर, त्यातले गालिचे, पुस्तकं, दिवे, सगळं बारकाईने दिसतं, आणि यातलं काहीच त्यांचं नाही हे क्रियापदं सांगत राहतात. परदेशात भाड्याच्या खोलीत बसून घरांच्या जाहिराती चाळलेल्या कुणालाही ते प्रकरण ओळखीचं वाटेल.

सर्वात जपून हाताळायचा वापर मात्र वर्तमानपत्रातला. ‘मंत्री राजीनामा देणार म्हणे’ किंवा ‘देणार असल्याचे समजते’ असं आपण लिहितो, तिथे फ्रेंच वार्ताहर नुसतं क्रियापद संकेतार्थात टाकतो. बातमी ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही, हे एका प्रत्ययात सांगून मोकळा होतो. नवख्या वाचकाला तो प्रत्यय निसटला, तर संशयिताचा थेट गुन्हेगार होतो. स्वतःच्या वस्तीबद्दलची, देशबांधवाबद्दलची बातमी वाचताना हा फरक किती मोठा असतो ते सांगायला नको. पण लिहिणाऱ्यालाही त्यामागे पूर्ण लपता येत नाही. १८८१ च्या वृत्तपत्र कायद्याचं आजचं कलम २९ स्पष्ट सांगतं की बदनामी शंकेच्या स्वरात केली तरी ती शिक्षापात्र आहे. कायद्याने व्याकरणाची दखल घेतल्याचं असं उदाहरण विरळा.

आता जरा हिंदी महासागरात जाऊ. मॉरिशसमधल्या मराठी घरांत रोजचा व्यवहार मुख्यतः क्रेओलमध्ये चालतो. क्रेओलचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले, पण क्रियापदांचे प्रत्यय मागेच राहिले. मग तिथल्या लोकांनी ‘मी गेलो असतो’ कसं म्हणायचं? ‘मो ती पू आले’. ‘ती’ ही भूतकाळाची खूण, ‘पू’ ही भविष्याची. भूत अधिक भविष्य! कार्थेजच्या लॅटिनने जे केलं, मराठीने ‘णार होता’त जे केलं, तेच ऊसमळ्यांवर राबणाऱ्या, वेगवेगळ्या खंडांतून आणलेल्या माणसांनी पुन्हा एकदा शून्यातून उभं केलं. याच क्रेओलला दीर्घकाळ ‘मोडकं फ्रेंच’ म्हणून हिणवलं गेलं आणि तिथल्या प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून तिला जागा मिळाली ती २०१२ मध्ये. जिला मोडकी म्हटलं, तिने फ्रेंचच्या सर्वात नाजूक रूपाची मूळ पाककृती बरोबर ओळखली होती.

मराठीचा पहिला मोठा शास्त्रीय इतिहास एका फ्रेंच माणसाने, झ्यूल ब्लॉक यांनी लिहिला. तो पॅरिसमध्ये १९२० साली प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांच्या अनुवादाने मराठीत आला. ज्ञानेश्वरीतल्या आणि शिलालेखांतल्या रूपांकडे ब्लॉक यांनी ज्या कुतूहलाने पाहिलं, त्याच कुतूहलाने आपणही फ्रेंचकडे पाहायला हरकत नाही. भाषेची परीक्षा देणारा माणूसही त्या भाषेचा अभ्यासक असू शकतो.

आणि फ्रेंचमध्ये पुढे काय चाललंय? ‘मी गाईन’ आणि ‘मी गायलो असतो’ यांच्या शेवटच्या स्वरांत बंद ‘ए’ आणि उघडा ‘ए’ इतकाच फरक आहे, आणि आज असंख्य फ्रेंच लोक तो करत नाहीत. शिक्षक मुलांना सांगतात, ‘मी’च्या जागी ‘आपण’ घालून बघा, म्हणजे कुठलं रूप लिहायचं ते कळेल. ‘कांताबित’ आणि ‘कांतावित’ यांच्यावर जी वेळ आली होती, तीच त्यांच्या नातवंडांवर आली आहे. लोकांनीही पुन्हा तोच मार्ग धरला आहे. रोजच्या बोलण्यात ‘मी गायला जातो’ म्हणजे ‘मी गाणार आहे’, आणि ‘मी गायला जात होतो’ म्हणजे ‘मी गाणार होतो’. हे नवे सुटे शब्द कधी झिजतील, कधी चिकटतील आणि कुठल्या शतकातल्या परीक्षार्थींना छळतील, ते आत्ता सांगता येत नाही. तोपर्यंत बेकरीत ‘ज व्हुद्रे’ म्हणत राहायचं आणि परीक्षेत ‘सी’च्या मागोमाग अपूर्ण भूतकाळ लिहायचा.